आमच्या घरचा पहारा

गावात मला चांगली बाई म्हणतात. ते कानावर पडलं की मला घाम फुटतो. किराणा दुकानात, दवाखान्यात, जीपमध्ये, कुणीतरी भेटतंच. "काय सेवा करता हो नवऱ्याची! आजकाल कोण करतंय एवढं?" मी आपली हसते. दुसरं काय करणार? सांगू का त्यांना, की गेल्या चैत्रात एका सकाळी याच तोंडानं मी त्याच नवऱ्याचं मरण मागितलं, आणि तेही त्यांच्या तोंडावर?

म्हणून इथं सांगते. सांगून मन हलकं होईल असली काही आशा नाही. लोकांनी उगाच माझं कौतुक करू नये, एवढंच.

मी मूळची लोणावळ्याची. चिक्कीच्या दुकानात काउंटरवर उभी राहून पर्यटकांशी तोंड वाजवत मोठी झाले. लग्न होऊन टाकव्याच्या पलीकडे एका लहानशा गावात आले. थोडी भातशेती, आणि आमचे हे परंदवडीकडे एका कंपनीत मशीनवर. माणूस बोलघेवडा. यांनी अंगणातून हाक मारली की खाचरातले बगळे उडायचे. मी वैतागायचे, म्हणायचे, "अहो, जरा हळू! मी काय धरणापलीकडं राहते?" आता वाटतं, कुठून ती अवदसा आठवली मला, त्या आवाजाला नावं ठेवायची.

दोन पावसाळ्यांमागं यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. सगळे शब्द गेले, एकच राहिला. बरं. पाणी हवंय का? बरं. नकोय का? बरं. लेक पुण्याहून फोन करून रडायची, तिलाही बरं. दुखलं तरी बरं, राग आला तरी बरं. सुरुवातीला आम्ही हसायचो सुद्धा. मी जावेला म्हणायचे, "बघ, एवढी वर्षं माझं एक ऐकलं नाही, आता सगळ्याला बरं म्हणतात." नंतर हसू आटलं. दिवसभर तो एकच शब्द ऐकून माझं डोकं उठायचं.

आमचं समजूतदारपण तरी किती दिवस पुरणार? लोणावळ्याचे डॉक्टर म्हणाले, "शरीर हळूहळू सुधारेल, पण यांनी मन सोडलंय. उमेद आली पाहिजे." मी म्हटलं, "मेडिकलमध्ये मिळते का उमेद? लिहून द्या." डॉक्टर हसले. मला काही हसू येत नव्हतं. कारण उमेद त्यांचीच गेली नव्हती, माझीही गेली होती. फक्त मी हिंडतीफिरती होते, म्हणून कुणाला दिसत नव्हतं. सकाळी उठले की पहिला विचार यायचा, आज पुन्हा सगळं तेच. देवापुढं दिवा लावायचे, पण हात जोडायचा कंटाळा यायचा. काय मागायचं त्याच्याकडं? आणि त्यानं आजवर काय दिलं?

चैत्रात आमच्या गावात सप्ताह असतो. सात दिवस देवळात अखंड नाम चालतं. त्यात एक वीणा असते, ती सात दिवस खाली टेकवायची नाही. सतत कुणाच्या तरी गळ्यात हवी, आणि ज्याच्या गळ्यात आहे त्यानं देवासमोर उभं राहून नाम घेत राहायचं. दुसरा आला, त्यानं वीणा घेतली, की पहिला सुटला. याला पहारा म्हणतात. प्रत्येक घराची वेळ ठरलेली. दुपारी बारा ते दोन आमच्या घरची. जेवून सगळं गाव आडवं होतं तेव्हाची, कुणाला नको असलेली वेळ, पण ह्यांनी ती हौसेनं घेतलेली. कंपनीत रजा टाकायचे, पांढरा सदरा घालायचे आणि असे खड्या आवाजात उभे राहायचे की झोपलेली माणसं कूस बदलायची.

त्या चैत्रात सप्ताह समितीचे आबा घरी आले. म्हणाले, "भाऊ न्हाई तर सूनबाई हाय की. बायका बी करत्यात आता पहारा. घराचा मान घरात राहू द्या." मी लगेच हो म्हटलं. आबांना वाटलं, काय श्रद्धा आहे! खरं सांगू? मला घराबाहेर दोन तास मिळणार होते. औषधाचा वास नाही, चादरी नाहीत, बरं नाही. देवाच्या नावावर मी रजा काढली होती, दुसरं काही नाही.

त्या सकाळी मी ठेवणीतली साडी नेसले आणि यांना पेज भरवायला बसले. घाई होती. घास मोठा झाला असेल, ठसका लागला आणि सगळी पेज माझ्या साडीवर. त्याआधी पहाटेपासून दोन चादरी धुऊन झालेल्या. माझं टाळकंच सटकलं. वाटी आपटली आणि मोठ्यानं म्हणाले, "उचल रे देवा यांना एकदाचं! तेही सुटतील आणि मीही सुटेन!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं. आणि म्हणाले, "बरं."

नेहमीचाच शब्द, नेहमीचाच आवाज.  पण त्यानंतर त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. मी चमचा ओठाला लावला, गालाला थोपटलं, "अहो, रागानं बोलले, घ्या हो," म्हटलं. त्यांनी मान भिंतीकडं फिरवली. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी बसले तशीच. बारा वाजत आले. जाऊ आली, म्हणाली, "आक्का, जावा तुमी. मी बसते हितं." आणि मी गेले. साडी बदलली आणि गेले! हे मला आजही पटत नाही. यांनी अन्न टाकलेलं दिसत असताना मी आरशात बघून केस नीट केले.

देवळात आबांनी माझ्या गळ्यात वीणा घातली आणि ते जेवायला निघून गेले. त्या दिवशीची पंगत गावाबाहेर एका नव्या बंगल्याच्या आवारात होती. बघता बघता देऊळ रिकामं झालं. मी, वीणा आणि देव.

तार छेडली, रामकृष्णहरी सुरू केलं. तोंडानं नाम आणि डोक्यात बरं, बरं, बरं. त्यांना कळलं असेल का मी काय म्हणाले ते? कळून म्हणाले असतील का? डॉक्टर तर म्हणाले होते, ऐकलेलं सगळं समजतं यांना. मग? मी मर म्हटलं आणि माझा नवरा बरं म्हणाला, आणि लगेच जेवायचं सोडलं, असाच याचा अर्थ होत होता ना? मूर्तीकडं बघायची छाती होईना. साहेबाकडं अर्ज टाकावा आणि मंजूर होतोय का बघायला वर त्याच्या दारात जाऊन उभं राहावं, तसं माझं झालं होतं. मी मनात म्हणाले, ऐकलं असशील तर विसर रे बाबा. मी मूर्ख आहे. तुला काय, रोज माणसं बडबडतात, त्यातलं हे एक समज.  

थोड्या वेळानं दारावरून जाऊ जाताना दिसली. नवी साडी, हातात पिशवी. मी नाम न थांबवता डोळे मोठे केले. ती दारातूनच म्हणाली, "झोपल्यात भावजी. पंगतीला तोंड दाखवून आलेच. न्हाई गेलं तर लोक बोलत्यात." आणि गेली. तिला काय म्हणणार? मीही तेच केलं होतं.

दोन वाजले. पुढचा पहारा आमच्या आळीतल्या एका गाडीवाल्याचा. त्याची लोणावळ्यात टुरिस्ट गाडी आहे. शनिवार होता, आणि शनिवारी घाटात गाड्यांची कशी रांग लागते ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सव्वादोन झाले, अडीच झाले. माझा फोन मी यांच्या उशाशी ठेवून आलेले, लेकीचा फोन येतो म्हणून. हाक मारावी तर ऐकायला माणूस नाही. वीणा ठेवून पळावं तर ती टेकवायची नाही. आणि घरात तो माणूस एकटा, उपाशी, बरं म्हणून भिंतीकडं तोंड करून पडलेला.

आधी मी रडले. मग मला राग आला. नवऱ्याचा नाही, गाडीवाल्याचाही नाही, देवाचा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्याच्याकडं सरळ बघून बोलले. "तू तरी बघतोस ना सगळं? मी थकले, हे तुला दिसत नव्हतं? मला कुणाचं मरण नको होतं. मला कुणीतरी म्हणायला हवं होतं, बस जरा, मी धरते." हे मोठ्यानं बोलले मी, देवळात. आणि बोलल्यावर, कसं सांगू, अंगातला ताठा एकदम उतरला. चमत्कार वगैरे काही नाही. घंटी वाजली नाही, फूल पडलं नाही. फक्त असं वाटलं, की समोरच्यानं ऐकून घेतलंय आणि तो माझ्यावर चिडलेला नाही. मी इतकी चिडखोर, मला न चिडणारं माणूस लगेच ओळखू येतं.

मग मी म्हटलं, "मी चालले घरी. तुला यायचं असेल तर चल." आणि वीणेसकट उंबरा ओलांडला.

चपला सुद्धा घातल्या नाहीत. रस्ता तापलेला, पाय भाजत होते. गळ्यात वीणा, तोंडानं नाम, आणि मी जवळजवळ धावतेय. त्या दिवशीचं खरं नाम तेवढंच. भीतीनं घशातून आपोआप येत होतं. वाटेत एक मोठी गाडी थांबली. काच खाली झाली. "काकू, वडिवळे डॅमला रस्ता कुठून?" मी नाम न थांबवता हनुवटीनं दिशा दाखवली. आतल्या मुलीनं माझा फोटो काढला. जळ्ळा तो फोटो, कुठं कुठं फिरला असेल देव जाणे.

घरात शिरले तर कॉट रिकामी.

 मग कॉटच्या पलीकडं बघितलं. हे जमिनीवर. पाठ कॉटला टेकलेली, एक पाय दुमडलेला, कपाळावर टेंगूळ. कपाटाचं खालचं दार उघडं. आणि डाव्या हातात पांढरा सदरा. एक बाही चढवलेली, उजवा हात काही बाहीत जाईना, म्हणून तो सदरा दातात धरून ओढत होते.

त्यांच्या पहाऱ्याची वेळ झाली होती. ते निघाले होते.

आणि मला वाटलं होतं, हे मरायला टेकलेत. अहो, मी कसली बायको! यांना उठवायला मी झेपावले आणि थबकले. हात रिकामे कुठं होते? वीणा खाली ठेवायची नाही, कॉटवर ठेवायची नाही, भिंतीला टेकवायची नाही. ती फक्त माणसाच्या गळ्यात. आणि घरात दुसरं माणूस एकच.

मी गुडघ्यावर बसले. वीणा गळ्यातून काढली. ती घेताना घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, लहानमोठं, बाईबुवा काही बघत नाहीत, तशी रीतच आहे. मी पार विसरले होते. ते विसरले नव्हते. त्यांनी डावा हात पुढं केला, माझ्या धुळीनं भरलेल्या पायाला लावला आणि स्वतःच्या कपाळाला टेकवला. ज्या पायांनी मी त्यांना सोडून गेले, त्या पायांना. मला त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर सोपं गेलं असतं.

मीही त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि वीणा त्यांच्या गळ्यात घातली. मग त्यांच्यामागं बसून त्यांची पाठ माझ्या छातीशी घट्ट धरली, म्हणजे कलंडणार नाहीत. माझ्या उजव्या हातानं वीणा सावरली, त्यांच्या डाव्या हातानं तार वाजू लागली. आणि नाम? त्यांच्याकडं शब्द एकच. तारेवर बोट पडलं की ते म्हणायचे, बरं. पुन्हा तार, पुन्हा बरं. रामकृष्णहरी मी म्हणत होते, त्यांच्या कानाशी, मागून.

तेवढ्यात अंगणात गलका झाला. वीणा देवळात नाही म्हटल्यावर गाव हादरलं होतं. आबा पुढं, मागं तो गाडीवाला घाबराघुबरा, त्याच्या मागं जाऊ. आबा दारातूनच कडाडले, "काय ह्ये सूनबाई? वीणा घरात आणतात व्हय? एवढ्या वर्साच्या सप्त्याला खंड पाडलास!"

"वीणा खाली टेकवली नाही, आबा. नाम सोडलं नाही. देवळाचा उंबरा तेवढा सोडला. काय दंड करायचा तो मागनं करा."

आबा पुढं बोलणार होते, पण त्यांची नजर यांच्यावर गेली. एक बाही घातलेला सदरा, टेंगूळ, वीणा. गाडीवाला पुढं झाला, "भाऊ, द्या इकडं. माझ्यामुळं उशीर झाला, लय मोठी चूक झाली." त्यानं वीणेला हात घातला. तर हे सोडेनात! डाव्या हातानं अशी घट्ट धरली की गाडीवाला चपापला. मला आतून रडू फुटलं, कारण ती पकड मी दोन पावसाळ्यांत बघितली नव्हती. ज्याला जायचंय तो असं काही धरून ठेवत नाही.

आबांनी चपला काढल्या. आत येऊन भिंतीशी उभे राहिले आणि नाम धरलं, त्यांच्या त्या चिरक्या आवाजात. गाडीवाल्यानंही धरलं. जाऊ दारात पदर तोंडाला लावून उभी. किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. ह्यांचं मन भरलं तेव्हा त्यांनी स्वतःच मान पुढं केली, गाडीवाल्यानं वीणा घेतली, पाया पडला आणि सगळे नाम घेत देवळाकडं गेले.

खंड पडला की नाही यावर गावात अजून दोन तट आहेत. काहीजण मला बघून म्हणतात, "आली बघ वीणा पळवणारी." म्हणू देत. त्यांना काय माहीत, देवळातून मी काय घेऊन निघाले होते आणि काय तिथंच सोडून आले. तरी सगळं सुटलेलं नाही. अजूनही चादर धुताना कधीतरी वैताग येतो, आणि वैताग आला की सकाळची ती नजर आठवते. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. विचारलं तर काय उत्तर येणार, ते तुम्हीही सांगाल. देवानं त्या दिवशी माझं मागणं ऐकलं नाही, याबद्दल मी रोज त्याचे आभार मानते, आणि रोज मला त्या मागण्याची लाजही वाटते.

त्या दुपारी सगळे गेल्यावर जाऊबाईनं पंगतीतला आमटीभात आणून ठेवला. मी यांना कॉटवर घेतलं, भात कालवला, आणि घास घेतला, पण माझा हात काही केल्या पुढं जाईना. म्हटलं, "अहो, सकाळी मी जे बोलले ना..." आणि पुढचं बोलताच येईना, नुसती हुंदके देत बसले, घास हातात तसाच.  मग त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं, आणि माझ्या हातातला तो घास स्वतःच आपल्या तोंडापर्यंत नेला.